नानांच्या लघवीतल्या रक्ताला खडा समजत राहिलो, आता गाठ निघाली. मुंबईच्या स्टडीत नाव द्यायचं का?

पिंपळगावचा_पोरगा

नमस्कार. पंधरा दिवस झाले नीट झोप नाही, घरात प्रत्येक जण वेगळं सांगतोय, म्हणून इथे लिहितोय, जरा मोठं होईल.

मी नाशिकच्या अंबडला नोकरीला आहे, राहायला पाथर्डी फाटा. आईवडील गावी, पिंपळगाव बसवंतला, चार एकर द्राक्षबाग आहे. वडिलांना आम्ही नाना म्हणतो, वय ६२, पस्तीस वर्षं बिडी ओढली, सहा वर्षांपूर्वी सोडली. मुतखड्याचा त्रास त्यांना जुनाच. एप्रिल छाटणीच्या उन्हात दिवसभर बागेत उभं राहायचं, पाणी प्यायला घरापर्यंत यायचं जीवावर येतं, मग दोन-तीन वर्षांनी एक खडा ठरलेला. पोट धरून लोळायचे, इंजेक्शन घ्यायचं, खडा पडायचा, परत बाग.

मागच्या दिवाळीत लघवी लाल झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी खडाच धरला. सोनोग्राफी केली तर डाव्या किडनीत ६ एमएमचा खडा दिसलाच, मग शंका घ्यायचं कारणच उरलं नाही. जिथे दाखवलं तिथेही खड्याच्याच गोळ्या दिल्या. पण ह्या वेळी नानांना दुखत नव्हतं हो, अजिबात नाही. मी स्वतः मोरीत बघितलं होतं, कोकमाच्या पाण्यासारखा रंग, दोन दिवस राहिला आणि आपोआप साफ झाला. दीड महिन्याने परत तसंच. असे आठ महिने गेले. आई रोज कुळथाचं पाणी देत होती. आणि मग एका रात्री रक्ताच्या गुठळ्या आल्या, लघवी पूर्ण बंद झाली, पोट फुगलं. नाशिकला गाडी घालून आणलं, नळी टाकून लघवीची पिशवी धुतली आणि दुसऱ्या दिवशी दुर्बिणीने बघितलं तर आत तीन सेंटीमीटरची गाठ. ती दुर्बिणीतूनच खरवडून काढली.

रिपोर्टमध्ये लिहिलंय कॅन्सर, हाय ग्रेड (म्हणजे जोरात वाढणारा), टी-वन, आणि खाली एक ओळ, मस्क्युलॅरिस प्रोप्रिया नॉट सीन. डॉक्टर म्हणाले महिन्याभरात परत एकदा दुर्बीण टाकून तीच जागा खरवडायची, नंतर पिशवीत बीसीजी, म्हणजे टीबीची लस, सोडायची. आणि म्हणाले मुंबईच्या एका हॉस्पिटलात स्टडी चालू आहे, अर्ध्या पेशंटना नुसतं बीसीजी, अर्ध्यांना बीसीजी आणि सोबत इम्युनोथेरपीचं इंजेक्शन, तुमची इच्छा असेल तर जाऊन भेटा, जबरदस्ती नाही.

आता घरचं ऐका. दाजी म्हणतात एकदा गाठ काढली ना, मग परत ऑपरेशन कशाला, बिल वाढवायचं काम आहे. आत्या म्हणते टीबीची लस पोटात सोडली तर टीबी होईल. मामा म्हणतात स्टडीबिडीच्या नादी लागू नका, गरीब माणसावर प्रयोग करतात. नाना काहीच बोलत नाहीत, नुसते बागेत जाऊन बसतात. कोणाला अनुभव असेल तर सांगा, प्लीज.

गोदाकाठ

भाऊ, आधी दुसऱ्या ऑपरेशनचं बोलतो, कारण सगळ्यात तातडीचं तेच आहे. मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये २६ वर्षं काढली. दुर्बिणीतून काढलेली गाठ आमच्याकडे अख्खी येत नाही, फॉर्मॅलिनच्या बरणीत बारीक बारीक तुकडे येतात, खवलेल्या खोबऱ्यासारखे, काही काठाला जळलेले, कारण तार गरम असते. ते सगळे तुकडे मेणात बसवून त्याचे काप काढायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं की आजार कुठपर्यंत पोचलाय.

लघवीच्या पिशवीची भिंत म्हणजे आतून अस्तर, त्याच्याखाली एक पातळ थर आणि मग जाड स्नायू. टी-वन म्हणजे अस्तर ओलांडून पातळ थरात शिरलाय. स्नायूत शिरला की टी-टू, आणि तिथून ट्रीटमेंटचा अख्खा रस्ताच बदलतो, मग पिशवी काढायची की किमो आणि शेक (रेडिएशन) देऊन वाचवायची हा विषय येतो. आता तुमच्या रिपोर्टमधली ती ओळ परत वाचा. स्नायू 'दिसला नाही'. याचा अर्थ स्नायूत आजार नाही असा नाही, तर आलेल्या तुकड्यांमध्ये स्नायू आलाच नाही, मग पॅथॉलॉजिस्ट सांगणार कशावरून? घरातली माणसं ही ओळ वाचून 'स्नायूत काही नाही बरं का' म्हणून सुटकेचा श्वास सोडतात, मी काउंटरवर कितीदा ऐकलंय आणि दर वेळी थांबवून समजावलंय.

टी-वन हाय ग्रेडला दोन ते सहा आठवड्यांत परत खरवडणं हे जगभर ठरलेलं आहे, आणि दुसऱ्या वेळी तिथे उरलेला आजार सापडतो तो तीनातल्या एकाहून जास्त जणांना. दाजींना एवढं सांगा, की उरलेल्या आजारावर बीसीजी सोडलं तर वरून रंग मारल्यासारखं होतं. आणि रिपोर्टची झेरॉक्स नको, ओरिजिनल आणि ब्लॉक-स्लाइड, म्हणजे मेणातले तुकडे आणि काचा, लॅबमधून मागून घ्या, मुंबईला गेलात तर ते पहिलं तेच मागणार.

युरो_रेसिडेंट

वरच्या काकांशी शंभर टक्के सहमत. वॉर्डातून टाइप करतोय म्हणून थोडक्यात. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो, चाळिशी ओलांडली आणि लघवीतून डोळ्यांना दिसेल असं रक्त न दुखता आलं, तर सोनोग्राफीत खडा दिसला तरी दुर्बिणीने पिशवीच्या आत बघायलाच हवं, त्यातून बिडी-सिगरेटवाला असेल तर एक दिवस पण लांबवू नका. किडनीत गप्प बसलेला खडा आणि पिशवीतली गाठ एकाच माणसात असू शकतात, एक सापडला म्हणून दुसरं नाही असं होत नाही. आणि रक्त आपोआप थांबलं म्हणजे बरं झालं असंही नाही, गाठ अशीच मधूनमधून रक्त सोडते. सोनोग्राफीत मोठी गाठ दिसते पण चपटा, अस्तराला चिकटून पसरणारा आजार दिसत नाही, तो दुर्बीण आणि लघवीच्या सायटॉलॉजीतच (लघवीतल्या पेशींच्या तपासणीत) कळतो. पिशवीच्या कॅन्सरच्या साधारण निम्म्या केसेसमागे तंबाखूचा धूर असतो, त्यातली विषं रक्तातून किडनीत गाळली जातात आणि तासन्‌तास पिशवीत साचून राहतात. फुप्फुसाचं सगळ्यांना माहीत असतं, पिशवीचं कोणालाच नसतं.

भाऊ, आठ महिन्यांबद्दल स्वतःला दोष देऊ नका.

रिसर्चवाली_ताई

मी नऊ वर्षं क्लिनिकल ट्रायल कोऑर्डिनेटर म्हणून काम करते, मूळची पंचवटीची. तुमच्या मामांचा प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं आणि तो विचारायलाच हवा, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बीसीजीचंच घ्या. १९७६ साली कॅनडात अल्वारो मोरालेस नावाच्या डॉक्टरांनी फक्त ९ पेशंटच्या पिशवीत ही टीबीची लस सोडून बघितली आणि गाठी परत यायचं प्रमाण घटलं. आठवड्याला एक असे सहा डोस, ते सहाच का, तर लस सहा बाटल्यांच्या पॅकमध्ये यायची म्हणून, असं सांगतात. मग पुढे मोठ्या ट्रायल झाल्या, १९९० मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, आणि सहा डोसनंतर तीन वर्षं मधूनमधून तीन-तीन डोस दिले तर जास्त फायदा होतो हेही ट्रायलमधूनच कळलं. आज नानांना जे 'ठरलेलं' औषध मिळणार आहे ते कोणीतरी पन्नास वर्षांपूर्वी सही केली म्हणून मिळणार आहे. मामांना हे सांगून बघा.

दुसरं, डॉक्टरांना वाटतं ते बरोबरच असतं असं नाही, म्हणून तर ट्रायल लागते. नानांना खड्यासाठी टॅमसुलोसिन दिलंच असेल, रात्रीची कॅप्सूल. छोट्या छोट्या अभ्यासांवरून वर्षानुवर्षं सगळे समजत होते की त्याने खडा पटकन पडतो. मग ब्रिटनमध्ये २४ हॉस्पिटलं आणि ११०० च्या वर पेशंट घेऊन मोठी ट्रायल झाली, २०१५ मध्ये छापून आली, एका गटाला टॅमसुलोसिन, एकाला निफेडिपिन, एकाला नुसती साखरेची गोळी म्हणा. चार आठवड्यांत पुढे काहीही न करावं लागलेले लोक तिन्ही गटांत साधारण ८० टक्के. म्हणजे औषध घेतलं काय आणि नाही काय, सारखंच! नंतर चीनमध्ये ३ हजारांवर पेशंट घेऊन केलं तेव्हा ५ एमएमपेक्षा मोठ्या आणि किडनीतून पिशवीकडे येणाऱ्या नळीच्या खालच्या टोकाला अडकलेल्या खड्यांना फायदा दिसला. आज तेवढ्यापुरतं ते देतात. दोन्ही ट्रायल झाल्या नसत्या तर सरसकट सगळ्यांना कॅप्सूल नाहीतर कोणालाच नाही, असं चाललं असतं.

आता तुमची स्टडी. नेमकी कोणती ते मला माहीत नाही, पण बीसीजीसोबत इम्युनोथेरपी ह्या जातीच्या तीन मोठ्या ट्रायलचे निकाल २०२५ मध्ये आले. दुर्वालुमॅबच्या ट्रायलमध्ये हजारभर पेशंट होते, दोन वर्षांनी आजार न परतलेले जोडीच्या गटात सुमारे ८७ टक्के आणि नुसत्या बीसीजीच्या गटात सुमारे ८२. सॅसनलिमॅबचंही साधारण तसंच, तीन वर्षांनी ८२ विरुद्ध ७५. आणि अ‍ॅटेझोलिझुमॅबच्या ट्रायलमध्ये काहीच फरक निघाला नाही. फायदा निघाला त्यातही माणूस जास्त जगतो असं अजून दिसलेलं नाही, आणि इंजेक्शनवाल्या गटात गंभीर त्रास कितीतरी जास्त जणांना झाला, थायरॉइड, लिव्हर, आतडं, कारण प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढला की ती स्वतःच्या अवयवांवरही जाते. त्यामुळे इंजेक्शनचा गट मिळाला तर नशीब, नाही मिळाला तर फसवलं, असं मनात धरून जाऊ नका. कोणता गट हे ना डॉक्टर ठरवत ना आम्ही, कॉम्प्युटर ठरवतो. पण सिद्ध झालेलं औषध, म्हणजे बीसीजी, दोन्ही गटांना मिळतंय, हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि मी पहिलं तेच बघते.

कायद्याचं म्हणाल तर २०१९ चे नियम आहेत, त्याप्रमाणे एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय ट्रायल सुरूच करता येत नाही. सहीचा फॉर्म नानांना समजेल अशा भाषेत, म्हणजे मराठीत द्यावा लागतो आणि त्याची एक प्रत तुम्हाला मिळते. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई. कधीही बाहेर पडता येतं, कारण न सांगता, आणि त्यामुळे पुढची नेहमीची ट्रीटमेंट कोणी अडवू शकत नाही. प्रत्येक ट्रायल सीटीआरआय नावाच्या सरकारी रजिस्टरमध्ये नोंदवावी लागते, २००९ पासून सक्तीचं आहे. त्यांना नंबर विचारा, घरी मोबाईलवर साइट उघडून टाका, ट्रायल कोण करतंय, पैसे कोणाचे, किती पेशंट, सगळं फुकट दिसतं. जो नंबर द्यायला का कू करेल तिथून उठून या.

फॉर्म लगेच सही करू नका, घरी आणा. मी पेशंटना सांगते पेन्सिलीने खुणा करा. कुठल्या तपासण्या ट्रायलच्या खर्चात आणि कुठल्या तुमच्या, बीसीजीचे पैसे कोण देणार, नाशिकहून जायचं-यायचं भाडं मिळणार का, रात्री ताप आला तर फोन कोणाला, आणि तो फोन रात्री दोनला उचलतात का. ह्याची उत्तरं लिहून घ्या.

आणि एक गोष्ट जी बरेच जण चुकतात. बाहेर बीसीजीचा एक जरी डोस झाला तर अशा बहुतेक ट्रायलमध्ये मग घेत नाहीत. त्यामुळे विचार करायचा तो आत्ताच, दुसरी दुर्बीण आणि पहिला डोस यांच्या मधल्या दिवसांत.

नाशिकरोडचे_काका

मी बीसीजी घेतलेला माणूस. वय ६९. तुमच्या आत्याबाईंसाठी लिहितो.

हे जिवंत पण दुबळे केलेले जंतू असतात, पिशवीत गेले की शरीर चवताळून उठतं आणि त्या रागात कॅन्सरच्या पेशी पण मारल्या जातात, मला डॉक्टरांनी असंच समजावलं आणि मला पटलं. बारीक नळी घालून औषध सोडतात, नळी काढतात, दोन तास लघवी रोखून धरायची. पहिल्या डोसला मला काहीच झालं नाही. तिसऱ्यापासून त्या संध्याकाळी दर वीस मिनिटांनी लघवीला, जळजळ अशी की दाराची कडी धरून उभा राहायचो, अंगात कसकस, थंडी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरायचं. बायको मऊ भात आणि ताक घेऊन बसायची. टीबी वगैरे होणं फार क्वचित, पण ताप १०१ च्या वर जाऊन दोन दिवस उतरला नाही तर डॉक्टरला कळवायचंच, क्रोसिन घेऊन दाबत बसायचं नाही. लाल लघवी चालू असेल किंवा लघवीत इन्फेक्शन असेल त्या दिवशी डोस घ्यायचा नाही, पुढे ढकलायचा. नाना कसले स्टेरॉइड घेत असतील तर तेही आधी सांगा.

माझी चूक सांगतो. सहा डोस झाले, दुर्बिणीत पिशवी स्वच्छ दिसली, आणि मी पुढचे डोस टाळायला लागलो. एकदा औषध मिळालं नाही, जिथे घेत होतो तिथे आज नाही, पुढच्या सोमवारी या, मग पुढचा सोमवार, असं करत मीही सोडून दिलं. दीड वर्षाने परत दोन छोट्या गाठी निघाल्या. तेव्हा डॉक्टरांनी मला एका युरोपातल्या ट्रायलबद्दल सांगितलं, तिथे मुद्दाम बघितलं होतं की पहिल्या वर्षात पंधराऐवजी नऊ डोसात भागतं का. नाही भागलं. कमी डोसवाल्यांमध्ये २७ टक्क्यांना आजार परत आला, पूर्ण डोसवाल्यांमध्ये १२ टक्क्यांना, आणि मग त्यांनी त्या गटात नवीन माणसं घेणंच बंद केलं. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी गाडी करून पुण्याला गेलो असतो डोससाठी. हे औषध पुण्याच्या सीरममध्येच बनतं, पण जगभर टंचाई होत असते, त्यामुळे सहाच्या सहा डोसची सोय आधीच विचारून ठेवा, पहिल्याच दिवशी.

पूर्ण कोर्स म्हणजे तीन वर्षांत सत्तावीस डोस. नानांना आकडा एकदम सांगू नका, आधी सहाच सांगा.

पिंपळगावचा_पोरगा

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मी आईला वाचून दाखवलं, ती रडली पण नंतर पहिल्यांदा नीट जेवली. काका, तुमचं नानांना पण वाचून दाखवलं, सत्तावीसचा आकडा सोडून.

दोन प्रश्न राहिले. तो किडनीतला ६ एमएमचा खडा तसाच आहे, त्याचं आत्ता काही करायचं का? आणि खड्यासाठी आईने नानांचं दूध-दही चार वर्षांपासून बंद ठेवलंय, टोमॅटो, पालक, काहीच देत नाही. आता आजारपणात माणूस निम्मा झालाय, काय खाऊ घालायचं?

युरो_रेसिडेंट

किडनीत आहे, अडथळा नाही, दुखत नाही, तर आत्ता हात लावू नका, आधी पिशवीचं होऊ द्या. ताप किंवा डाव्या कुशीत कळ आली तर मात्र लगेच या. आणि त्या भानगडीत कधी स्टेंट (किडनीतून लघवी उतरायला आत ठेवतात ती नळी) टाकला तर काढायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, विसरलेले स्टेंट वर्षभराने खड्यांनी मढलेले आम्ही काढतो, फार हाल होतात पेशंटचे. दुधाचं कोणीतरी अनुभवी सांगेलच.

मखमलाबादची_सुनीताई

मी सांगते! माझे तीन खडे झाले, एकदा लेझर केलंय. मलाही सगळ्यांनी दूध बंद करायला लावलं होतं कारण खडा कॅल्शियमचा. शेवटी एका डॉक्टरणीने चोवीस तासांची लघवी गोळा करायला लावली, पाच लिटरचा कॅन घेऊन मी दिवसभर घरात, शेजारीण विचारते हे काय, तर काय सांगणार. रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या तुमच्या लघवीत ऑक्सलेट (पालकासारख्या भाज्यांत असतं ते) जास्त, आणि दिवसभराची लघवी फक्त नऊशे मिली! अडीच लिटर व्हायला हवी.

मग त्यांनी समजावलं की दुधातलं कॅल्शियम जेवणातल्या ऑक्सलेटला आतड्यातच धरून ठेवतं आणि संडासवाटे बाहेर काढतं. दूध बंद केलं की ते ऑक्सलेट मोकळं होऊन रक्तात, तिथून लघवीत, आणि खडा. इटलीत १२० पुरुषांवर पाच वर्षं बघितलं होतं, २००२ मध्ये छापून आलं. कमी कॅल्शियमवाल्या ६० मधले २३ जण परत खड्याचे पेशंट झाले, आणि ज्यांना दूध-दही नेहमीसारखं पण मीठ आणि मांस-मटण कमी, त्या ६० मधले १२ च. अर्ध्यावर की हो. मी ऐकून थक्क झाले, कारण मी चार वर्षं ताकाचा घोट घेतला नव्हता आणि पापड-लोणचं मात्र दोन्ही वेळेला. तेव्हा वहिनींना सांगा नानांना दही-भात खुशाल द्या, मीठ आवरा, शेवभाजी-चिवडा आवरा. पालक रोज नको एवढंच, आणि खाल्लाच तर दह्यासोबत. टोमॅटोचं एवढं काही नाही. लिंबू पाणी चांगलं, त्यातलं सायट्रेट खडा बनू देत नाही, पण मीठ घालून सरबत करू नका. कुळथाचं कढण प्यायला हरकत नाही, पण माझा अनुभव असा की त्याच्या भरवशावर माणूस साधं पाणी प्यायचं विसरतो.

आमच्याकडे पण बाग आहे, म्हणून एक सांगते. छाटणीच्या दिवसांत मी प्रत्येक चौथ्या ओळीच्या टोकाला खांबाला पाण्याची बाटली बांधते, मजुरांसाठी पण. ओळ संपली की घोट घ्यायचा. घरी येऊन पाणी पिऊ म्हटलं की कोणी पीत नाही.

गोदाकाठ

सुनीताई, बाटल्यांचं फार छान. पोरा, एक लक्षात ठेव, दोन तास औषध रोखायचं असतं म्हणून बीसीजीच्या दिवशी सकाळी थोडं कमी पाणी, आणि नंतर भरपूर. खड्याचा पेशंट आहे म्हणून त्या दिवशी सकाळी तांब्यावर तांब्या पाजू नका, रोखून धरता येणार नाही.

पिंपळगावचा_पोरगा

पाच आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा.

दुसरी दुर्बीण झाली. ह्या वेळी रिपोर्टमध्ये 'मस्क्युलॅरिस प्रोप्रिया सीन, फ्री ऑफ ट्यूमर' आलंय, काका, मी ती ओळ लॅबच्या पायरीवर उभं राहून चार वेळा वाचली. पण जुन्या जागेच्या कडेला थोडा आजार उरलेला सापडला, तोही काढला. दाजींना रिपोर्ट दाखवला, ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात डबा घेऊन आले.

मग मी आणि नाना पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन आलो. तिथल्या मॅडमनी दीड तास दिला. फॉर्म मराठीत होता, चोवीस पानं. सीटीआरआयचा नंबर त्यांनी न विचारता पहिल्या पानावर दाखवला. फॉर्म घरी आणला, नाना चष्मा लावून तीन दिवस ओट्यावर बसून वाचत होते, मी इतक्या दिवसांत त्यांना इतकं वाचताना बघितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ह्यात लिहिलंय की तीन वर्षं दर तीन महिन्यांनी दुर्बिणीने बघणार, ते तसंही करायचंच आहे ना, मग मला एकच विचारायचंय, द्राक्ष काढणीच्या महिन्यात यायला दोन दिवस इकडेतिकडे झाले तर चालेल का. मीच फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या डोसला दोन-तीन दिवसांची सूट असते, आधी कळवा.

नानांनी सही केली. मामा अजून नाराज आहेत, पण सोबत यायला तयार झालेत. गट नुसत्या बीसीजीचा आला. मला क्षणभर वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण ताईंनी आधीच लिहून ठेवलं होतं म्हणून सावरलो.

सोमवारी पहिला डोस. एक शेवटचं विचारतो, गावी आमचा संडास साधा भारतीय बैठकीचा आहे, लघवीतून औषधाचे जंतू बाहेर पडतात म्हणून ब्लीच टाकायला सांगितलंय ते कसं करायचं, आणि घरात माझी दोन वर्षांची मुलगी असते, तिला नानांजवळ जाऊ द्यायचं का?

नाशिकरोडचे_काका

साधा संडास असला तरी काही अडचण नाही. डोसनंतर सहा तास बसूनच लघवी करायची, उभ्याने नाही, शिंतोडे उडतात म्हणून. प्रत्येक वेळी झाल्यावर कपभर ब्लीच भांड्यात ओतायचं, पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवायचं आणि मग पाणी टाकायचं. हात साबणाने, चड्डी वेगळी धुवायची. मी दाराला खडूने खूण करून ठेवायचो म्हणजे त्या वेळात दुसरं कोणी जात नसे. आणि नातीला खुशाल मांडीवर बसू द्या, जवळ बसल्याने काही होत नाही. माझा नातू माझ्या प्रत्येक डोसच्या दिवशी माझ्या पायाशीच झोपायचा.

सोमवारी संध्याकाळी कसं आहे ते इथे लिही, मी वाट बघतो.